झेरॉक्सच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. शेजारी चहाची टपरी. दोन्हींच्या मध्ये एक बाकडं आणि बाकड्यावर सकाळपासून पेपर. त्यामुळे फॉर्म भरायला आलेला माणूस बसल्या बसल्या बातम्या वाचतो आणि शंका मला विचारतो. मी १९९७ सालचा फिजिक्सचा बी.एस्सी. आहे, ही गोष्ट टपरीवाल्यानं गावभर केली आहे. त्या डिग्रीचा आजवर झालेला उपयोग एवढाच. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली. दर विचारू नका, ते भिंतीवर आहेत.

हे प्रश्न खरंच कोणी विचारतं, की तुम्हीच रचलेत?

विचारतात. भाषा थोडी सभ्य केली आहे.

सर्व्हर डाऊन आहे म्हणजे नक्की काय झालंय?

साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांपुढे आणा. गाळप सुरू झालं की काट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. काटा बिघडलेला नसतो. त्याच्यावर एका वेळी एकच ट्रॉली बसते, एवढंच. सर्व्हर म्हणजे लांब कुठंतरी ठेवलेला कॉम्प्युटर, आणि त्याचंही तसंच. हजार माणसांसाठी बांधलेल्या काट्यावर लाख माणसं चढली की तो मान टाकतो. २०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आणि पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं, ते यामुळेच. फॉर्म भरायला बरेच दिवस असतात हे कोणाला पटत नाही. पहिल्या दिवशी सकाळी दहाला भरला तरच पोराला कॉलेज मिळतं, अशी आपली ठाम समजूत आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची सवय आहे ती.

कधी कधी मात्र काटाच बिघडतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक चुकीचं अपडेट जगभर गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. ती बातमी वाचून टपरीवाला म्हणाला, "तरी मी म्हणतोय, कार्बन पेपर ठिवत जा." ठेवलाय. तेव्हापासून एक डबा भरून ठेवलाय.

ओटीपी का येत नाही?

येतो. तुमच्याकडे येत नाही, एवढंच. आता हे लिहिताना समोर एक आक्का बसल्या आहेत. योजनेची केवायसी करायची आहे. आधारला मोबाईल नंबर पोराचा, पोरगा पुण्यात, पुण्यात तो मीटिंगमध्ये. ओटीपी त्याच्याकडे गेला आहे आणि तो फोन उचलत नाही. या प्रश्नाकडे परत येऊ.

सीईटीला ९२ पर्सेंटाइल पडले. म्हणजे ९२ टक्के ना? पेढे वाटू का?

पेढे वाटा, हरकत नाही. पण पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभरातले किती मार्क मिळाले, ते टक्के. शंभर पोरांतली किती पोरं तुमच्या बरोबरीला किंवा तुमच्या खाली राहिली, ते पर्सेंटाइल. पैलवानानं किती डाव टाकले हा एक हिशेब, आणि मैदानातल्या शंभर पैलवानांत तो कितवा उभा राहिला हा दुसरा. सीईटीला दुसरा चालतो. कारण एवढी पोरं एका दिवसात बसवता येत नाहीत. बॅचेस पडतात, प्रत्येक बॅचचा पेपर वेगळा. सकाळचा पेपर अवघड निघाला म्हणून सकाळच्या पोरांचं नुकसान नको, म्हणून ज्याला त्याला त्याच्याच बॅचमध्ये मोजतात. बॅचमध्ये जो पहिला, त्याला १००. मग त्याचे मार्क किती का असेनात. आणि म्हणूनच शेजारच्या पोराचे मार्क तुमच्या पोराएवढेच असून पर्सेंटाइल वेगळं आलं, तर सीईटीवाल्यांना शिव्या देत दुकानात येऊ नका. तो वेगळ्या बॅचला बसला असेल.

समजा चार लाख पोरं बसली. ९२ पर्सेंटाइल म्हणजे पुढे साधारण ३२ हजार पोरं. हे गणित मी एका बापाला कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. तो त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला, स्वतः वजाबाकी केली आणि म्हणाला, "म्हंजे मागं तीन लाख अडुसष्ट हजार हायत की!" आणि साताऱ्याच्या पाहुण्याला कंदी पेढ्यांसाठी फोन लावला. त्याचंही बरोबर होतं.

दहावीची बोर्डाची परीक्षा बंद झाली, असा मेसेज आलाय. खरं का?

नाही. नवं शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० ला जाहीर झालं. त्यात दहा अधिक दोन ऐवजी पाच-तीन-तीन-चार अशी मांडणी आली. कोणीतरी त्या आकड्यांत दहा दिसत नाही हे बघितलं आणि दहावी गेली असं ठरवून मेसेज सोडला. दहावी जिथं होती तिथंच आहे. उलट सीबीएसईनं २०२६ पासून दहावीला वर्षातून दोनदा परीक्षेची सोय केली आहे. बंद राहिलं बाजूला, दुप्पट झाली.

हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा पाचवीत असलेला एक पोरगा याच बाकड्यावर नाचला होता. तो परवा दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स काढून घेऊन गेला. सात विषय, पाठपोट. जाताना माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मेसेज मीच लिहिला होता.

आता दोन डिग्र्या एकदम घेता येतात म्हणे?

येतात. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ साली परवानगी दिली. वेळा एकमेकांवर येऊ नयेत, नाहीतर एक डिग्री दूरस्थ किंवा ऑनलाइन घ्यावी. दोन डिग्र्या असल्या की पगार दुप्पट मिळतो का, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लॅमिनेशनचा खर्च दुप्पट होतो, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

चांद्रयानावर ६१५ कोटी घातले, त्यात आपल्याला काय मिळालं?

हा प्रश्न विचारणाऱ्यानं २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवावी. दुकानात सात-आठ माणसं, काउंटरला टेकवून ठेवलेला एक मोबाईल, आणि त्याच्याकडे सगळ्यांच्या माना. झेरॉक्स मशीन आवाज करतंय म्हणून कोणीतरी बटण दाबून बंद केलं. ते मशीन माझं, गिऱ्हाइकाच्या पन्नास प्रती चालू होत्या, आणि ते गिऱ्हाईकच म्हणालं, "ऱ्हाऊ दे ओ." दूध उतू जाईल म्हणून टपरीवाल्यानं शेगडी बंद केली. ऐन धंद्याच्या वेळी शेगडी बंद झालेली त्याआधी मी फक्त महापुरात बघितली होती. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्रावर उतरला. मिनिटभर कोणी बोललं नाही. मग एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "रात्रीच्या लाईटवर मोटार चालू करायला आमाला शेतात जावं लागतंय, आन् ह्यांनी बंगलोरात बसून चंद्रावर गाडी चालू केली." हे कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

तर हिशेब. ६१५ कोटी भागिले चंद्राचं अंतर, सरासरी ३,८४,००० किलोमीटर. किलोमीटरला साधारण १६ हजार रुपये पडतात. बाकड्यावर मिरजेच्या फेऱ्या मारणारा एक रिक्षावाला होता, त्यानं लगेच विचारलं, "रिटर्न भाडं धरलंय काय?" धरलं नव्हतं. लँडर आणि रोव्हर तिथंच राहायचे, हे आधीपासून ठरलेलं. पण त्यांना तिथवर नेऊन सोडणारा जो भाग होता, तो इस्रोनं नंतर चंद्राच्या कक्षेतून पृथ्वीच्या कक्षेत परत आणला. हे सांगितल्यावर रिक्षावाला खूश. "म्हंजे प्याशिंजर सोडून रिकामी रिक्षा आली. तेच तर लॉस हाय आमचं."

आणि १६ हजार हा दरही खरा नाही, कारण यान सरळ गेलंच नाही. अमेरिकेचं अपोलो ११ चार-एक दिवसांत चंद्रापाशी पोचलं होतं, चांद्रयान-३ ला उतरेपर्यंत चाळीस दिवस लागले. आपलं रॉकेट त्या मानानं लहान. म्हणून पृथ्वीभोवती घिरट्या घालत, प्रत्येक फेरीला थोडा थोडा जोर लावत ते बाहेर पडलं. चढावर भरलेली सायकल नागमोडी नेतात ना, तसं. वेळ जास्त लागला, पैसे वाचले.

मग चौदाच दिवसांत ते बंद का पडलं?

लाईट गेली. चंद्रावरचा एक दिवस आपल्या साधारण चौदा दिवसांएवढा असतो आणि रात्रही तेवढीच. यान चालत होतं सौर पॅनेलवर. सूर्य मावळल्यावर तिथं पारा शून्याखाली शंभराच्याही बराच खाली जातो. सकाळ झाल्यावर उठवून बघितलं, उठलं नाही. काम मात्र रात्रीच्या आधी उरकलं होतं.

प्लुटोला ग्रहांतून काढलं, तर पत्रिकेवर काय परिणाम होतो?

काही नाही. २४ ऑगस्ट २००६ ला खगोलशास्त्रज्ञांनी त्याला बटुग्रह ठरवलं. आपल्या नवग्रहांत तो कधी नव्हताच. आपल्याकडे सूर्य आणि चंद्र ग्रह आहेत, आणि राहू-केतू तर दिसतसुद्धा नाहीत. नसलेल्याला काढून पत्रिका कशी बदलेल?

मे महिन्यात सावली नाहीशी होते म्हणतात. अपशकुन असतो का?

भूगोल असतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्यासारख्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. सांगली १७ अंशांच्या किंचित खाली. त्यामुळे आपला दिवस येतो ७ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. आणखी तीन-एक दिवसांनी साताऱ्याचा. दुसरी वेळ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पण तेव्हा सांगलीत सूर्य दिसला तरच बातमी होते.

एकदा मी दुकानासमोर स्टीलचा उभा पेला पालथा ठेवून बसलो होतो. बाराला सावली होती, बोटभर. सव्वाबाराला नखाएवढी. साडेबाराला पेल्याच्या बुडाखाली गेली आणि पेला कागदावर चिकटवल्यासारखा दिसू लागला. तोवर भोवती वीस माणसं जमलेली. "काय हाय? काय सांडलंय?" सांगितल्यावर प्रत्येकानं आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग शेजारच्याच्या. एक आजी सरळ चपला काढून उभ्या राहिल्या, डांबर तापलेलं असताना. शाळेला सुट्टी होती म्हणून हा धडा पोरांना शिकवायचा राहतो, ही मात्र माझी खरी तक्रार आहे. जो प्रयोग फुकट, ज्याला साहित्य म्हणून नुसता पेला लागतो, तो नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो.

एआयला सगळं कसं काय येतं?

येत नाही. पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज येतो. त्यानं प्रचंड मजकूर वाचलेला आहे, आणि "सांगलीची हळद" म्हटल्यावर पुढे बहुतेक वेळा काय लिहिलेलं असतं, हे त्याच्या आकडेमोडीत बसलं आहे. शब्दामागून शब्द लावत जातो. बहुतेक वेळा बरोबर लागतात. चुकतो तेव्हाही आवाज तोच, ठाम. आमच्या बाकड्यावर एक तात्या येतात, त्यांनी आयुष्यात कधी "मला ठाऊक नाही" म्हटलेलं नाही. पत्ता विचारला तरी सांगतात, माणूस हरवतो. एआय म्हणजे प्रचंड वाचन असलेले तात्या. मी त्याला एकदा आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाबद्दल विचारलं. पूल १९२९ चा. त्यानं भलतंच साल सांगितलं आणि वर पुलाच्या कोनशिलेचं वर्णनही करून दिलं. तात्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "शिकलेला दिसतोय."

चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. माझ्या दुकानात ते पोचलं पुढच्या जूनमध्ये, शाळेच्या प्रकल्पांतून. नववीतल्या एका मुलानं "पाणी वाचवा" या प्रकल्पाची प्रिंट काढायला दिली. पहिली ओळ: "नक्कीच! तुमच्या प्रकल्पासाठी मी खालील मुद्दे तयार केले आहेत." मी म्हटलं, बाळा, ही ओळ काढ. तर म्हणाला, "नको काका, सर म्हणतात सुरुवात नम्रतेनं करायची." त्या आठवड्यात त्याच वर्गातले नऊ प्रकल्प आले. नऊही तितकेच नम्र.

एआय बनवणाऱ्यांना फिजिक्सचं नोबेल कसं काय मिळालं?

बी.एस्सी. असल्यामुळे हा प्रश्न मला जरा लागला. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेलं गणित त्यांनी फिजिक्सची हत्यारं वापरून मांडलं, म्हणून. त्याच वर्षी रसायनशास्त्रातही प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या एआयबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर होतेच, जोडीला नवी प्रथिनं रचणारे डेव्हिड बेकर. गंमत हिंटन यांची. २०२३ मध्ये गुगल सोडून ते जगाला या यंत्रांचा धोका सांगायला लागले आणि पुढच्याच वर्षी त्याच यंत्रांसाठी नोबेल. कारखाना काढणाऱ्यानंच मळीची तक्रार करावी, तसं झालं. तरी तक्रार करतोय, हे बरं.

उसाला एआय लावल्यावर टनेज वाढतं का?

इथं बाकड्यावरचे सगळे सरसावून बसतात, म्हणून सावकाश सांगतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात हा प्रयोग झाला आणि आपल्याकडून गाड्या भरून लोक तो बघून आले. करायचं काय, तर शेतात मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर, एक छोटं हवामान केंद्र, वरून उपग्रहाची चित्रं. हे सगळं मिळून मोबाईलवर सांगतं की आज पाणी द्या, आज नको, या कोपऱ्यात नत्र कमी पडलंय, त्या कोपऱ्यात रोग दिसतोय. राज्य सरकारनंही जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींचं. यात जादू नाही. आपण उसाला गरजेपेक्षा जास्त पाणी पाजतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पाटानं भिजवताना रात्री पाळी मिळाली म्हणून पाजतो, परत कधी मिळेल याचा भरवसा नाही म्हणून पाजतो. यंत्र सांगेल "आज नको", पण पाळी आजच आहे. ठिबक असेल त्याला याचा उपयोग, पाटावर असेल त्याला नुसती माहिती.

एका शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, "तोडणीची टोळी कधी येणार, हे सांगतोय का?" नाही सांगत. "मग कसला एआय."

क्यूआर कोड हळदीनं माखला तरी स्कॅन कसा होतो?

तो बनवतानाच थोडा फाटेल, मळेल असं धरून बनवला आहे. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो काढला. कारखान्यात हात तेलकटच असतात. त्यामुळे माहिती अशी पसरून लिहिलेली असते की सगळ्यात पक्क्या प्रकारात जवळजवळ ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून वाचता येतो. तीन कोपऱ्यांतले चौकोन कॅमेऱ्याला सांगतात की मी इथं आहे आणि कुठूनही बघितलंस तरी वर कुठली बाजू आणि खाली कुठली. मार्केट यार्डातल्या एका हमालाच्या गाड्यावरचा कोड मी बघितला आहे, मूळचा पांढरा भाग पूर्ण पिवळा. तरी टिंग वाजतं. एकच लक्षात ठेवा: पैसे घ्यायला स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कोणी म्हणालं, तर तो पाठवत नाही, नेतोय.

"डिजिटल अरेस्ट" झाली तर काय करायचं?

फोन ठेवायचा. भारतातल्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही रेडिओवर हे सांगितलं. तरीही फोन येतात.

या प्रश्नावर मी विनोद करत नाही, कारण एक निवृत्त गुरुजी दुकानात आले होते. इस्त्रीचा सदरा, वरच्या खिशात मोबाईल, कॅमेरा बाहेर. मी बोलायला लागलो तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि चिठ्ठी पुढे केली: एक पीडीएफ छापून हवी आहे. मी फाइल उघडली. वर तीन सिंह, खाली सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का, आणि त्यांच्या नावानं अटकेचा हुकूम. तुमच्या आधारवरून पार्सल गेलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत, कोणाशी बोलाल तर कुटुंबालाही आत टाकू. व्हिडिओ कॉल सकाळपासून चालू. फोनमधला माणूस त्यांना "सायबांसमोर खाली बसा" म्हणत होता. एक प्रिंट घेऊन सही करायची, फोटो पाठवायचा आणि मग बँकेत जाऊन ठेव मोडायची, असा बेत.

मी त्याच कागदाच्या मागं स्केचपेननं लिहिलं, "गुरुजी, शिक्क्यात न्यायालय हा शब्द चुकलाय." त्यांनी चष्मा वर केला. "न्यायलय." काना गेलेला. चाळीस वर्षं शुद्धलेखन तपासलेला माणूस. घाबरून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, पण चूक दाखवल्याबरोबर गुरुजी जागे झाले. खिशातून मोबाईल काढला, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "शिक्षण किती झालंय तुझं?" आणि फोन कट केला. मग मात्र हात थरथरायला लागले. टपरीवाल्यानं चहा दिला, आम्ही १९३० वर फोन लावला. तो राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, तो पाठ करा. पैसे गेलेले असतील तर जितक्या लवकर लावाल तितकं बरं.

मोहित्यांच्या वडगावात मोबाईल बंद करायला भोंगा वाजतो, हे खरं का?

खरं. आपल्याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव. २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला परत भोंगा. देशभर बातमी झाली. आमच्या बोळातही असा भोंगा बसवावा असा ठराव बाकड्यावर एकमतानं मंजूर झाला. अंमलबजावणी आयपीएल संपल्यावर करायची ठरली. कोणत्या सालची, ते इतिवृत्तात नाही.

कराडजवळ जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय म्हणे. पाणी लागलं का?

हा प्रश्न दुष्काळी जतच्या पाहुण्याचा आहे, आणि जतचा माणूस दुसरं काय विचारणार. कोयना भागात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. धरणातलं पाणी चढ-उतार करतं तसा खालच्या खडकांवरचा ताण बदलतो, आणि तेव्हापासून तिथं भूकंप होतच आले आहेत. त्यांचा खालून अभ्यास करायला केंद्र सरकारनं कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा केली आणि कोयना भागात ३ किलोमीटर खोल भोक घेतलं. म्हणजे जवळजवळ दहा हजार फूट. पाहुणा म्हणाला, "आमी सातशे फुटावर कोरडे ऱ्हायलो, थोडं अजून मारायला पायजे हुतं." त्याला थांबवायला सगळं बाकडं लागलं.

विज्ञानातलं आम्हाला काही कळत नाही हो. सोप्या भाषेत का सांगत नाहीत?

हे वाक्य म्हणणाऱ्याला मी जुलैत भेटतो. पाऊस सुरू झाला की हाच माणूस सकाळी सातला टपरीवर येऊन सांगतो, "कोयनेचं सांडव्यातनं एवढं हजार क्युसेक्स सोडलंय, आयर्विनला पाणी ३८ फूट आहे, ४० ला इशारा, ४५ ला धोका, तिकडं कर्नाटकात अलमट्टी धरणानं पाणी किती धरलंय बघा आधी." क्युसेक्स म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. ११,५०० क्युसेक्स दिवसभर सोडलं की साधारण एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, होतं, हे आमच्या टपरीवाल्याला तोंडपाठ आहे. तो सातवी नापास. १०५ टीएमसीच्या धरणात किती जागा उरली, आवक किती, किती दिवसांत भरेल, हे तो चहा गाळता गाळता सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर. पर्सेंटाइलचं गणित याहून सोपं आहे. फरक एवढाच की पाणी त्याच्या घरात शिरतं.

मोबाईलवर तंबोरा फुकट वाजतो, मग मिरजेचा का घ्यायचा?

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हा प्रश्न आला होता. विचारणाऱ्याला मी मिरजेला पाठवलं. तिथल्या कारागिरानं घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक धागा सरकवून दाखवला. धागा केसभर हलला की आवाज उघडतो, त्याला जवारी म्हणतात. परत आला तो गप्प होता. ॲप अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहे, पण प्रश्न परत विचारला नाही.

आक्कांचा ओटीपी आला का?

आला. पोरानं मीटिंग संपल्यावर फोन करून सहा आकडे नीट सांगितले, आक्कांनी ते मोठ्यानं म्हणून दाखवले, मी टाकले. मुदत दहा मिनिटांची असते. बत्तीस मिनिटं झाली होती. नवा मागवला आहे. पोरगा दुसऱ्या मीटिंगमध्ये गेला आहे. आक्का म्हणतात, "बसते की, मला कुठं चंद्रावर जायचंय?" आणि त्यांनी पेपर मागून घेतला आहे. म्हणजे पुढचा प्रश्न येतोय.